परक्यांच्या मांडीवर

घरात तान्हे मूल आले की त्या घराचा बाहेरच्या जगाशी असलेला व्यवहार पालटतो. ज्या शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे जिन्यात मान हलवण्यापुरता परिचय होता, तो थांबून विचारतो, ‘रात्री झोपते का बाळ?’ ज्या रिक्षावाल्याने आजवर एकाही खड्ड्याची गय केली नाही, तो मागच्या आसनावर दुपट्यातले गाठोडे दिसताच रिक्षा बैलगाडीच्या वेगाने हाकू लागतो. भाजीवाली शेपूची एक जुडी मोजून देते आणि दुसरी न मोजता पिशवीत टाकते. बाळंतिणीच्या जुडीचे पैसे घेणे तिला बरे वाटत नाही. पेढीवर वसुलीसाठी आलेला माणूसदेखील आधी मुलाचे नाव विचारतो आणि मग थकबाकीचा विषय काढतो.

व्यापारी घरांत पैपैची नोंद ठेवण्याची रीत आहे. रोजमेळात आले ते खतावणीत जाते, खतावणीत गेले ते ताळेबंदात उतरते. बारशाला कोणाकडून काय आले याचीही वही असते आणि परतफेडीच्या वेळी ती उघडली जाते. परंतु रिक्षावाल्याने चुकवलेले खड्डे आणि भाजीवालीने न मोजलेली जुडी यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. जमा तर झालेले असते. मात्र ते कोणाच्या नावे लिहावे, हेच ठाऊक नसते. त्या माणसांची नावे विचारायचे राहून गेलेले असते.

पनवेल आणि परिसरातील जैन घरांत तान्ह्या मुलाचे पहिले बाहेर पडणे सव्वा महिन्यानंतर आणि बहुधा देरासराकडे होते. त्यानंतर आणखी काही आठवडे गेले, बाळाची मान थोडी धरू लागली, की एखाद्या रविवारी कोणीतरी कर्नाळ्याचे नाव काढते. अंतर पनवेलपासून बारा किलोमीटरच्या आसपास. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा सतरा आणि आताचा सहासष्ट क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, या जंगलाला चिरून पुढे पेणकडे जातो आणि अभयारण्याचे फाटक रस्त्यालगतच आहे. 1968 साली हे पक्षी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. 2003 मध्ये ते बारा चौरस किलोमीटरच्या थोडे वर गेले. डोक्यावर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका उभा, त्याच्या कपारींत आग्या मोहोळे. पक्षिनिरीक्षक येथे दुर्बिणी घेऊन पहाटे येतात. तान्हे मूल असलेले कुटुंब उशिरा येते, थर्मास, खाकरे, दुपटी, लंगोटांची थप्पी आणि एक आजी बरोबर घेऊन येते, आणि एकही दुर्मीळ पक्षी न पाहता समाधानाने परत जाते.

बाळाला तर पक्षी दिसतच नाही. नवजात मुलाची नजर स्पष्टपणे पोहोचते ती साधारण वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे मांडीपासून वाकलेल्या चेहऱ्यापर्यंत. निसर्गाने ही मोजणी फार विचारपूर्वक केलेली दिसते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास ते चेहऱ्याकडे पाहून हसू लागते. त्या वयाच्या मुलाला कर्नाळ्याला नेले, तर त्याच्या वाट्याला येतो तो झाडांतून गळणारा हलता उजेड आणि वर वाकलेले चेहरे. त्या चेहऱ्यांत घरचे कोणते आणि परके कोणते, याचा निवाडा ते अजून फारसे करत नाही. अनोळखी माणसाला पाहून ओठ काढण्याचे वय पुढे, सहा-आठ महिन्यांच्या आसपास सुरू होते. तोवर जो कोणी वाकेल त्याला हसू मिळते. जगातील सर्वांत उदार वाटप म्हणावे असे हे वाटप आहे.

फाटकाच्या बाहेर, महामार्गाच्या कडेला, पेण-पनवेल परिसरातील आदिवासी बायका ऋतुमानाप्रमाणे विक्रीस बसतात. उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे, पावसाळ्यात काकडी आणि रानभाज्या. त्यांच्यापैकी एखादीचे स्वतःचे मूल मागच्या झाडाला बांधलेल्या झोळीत निजलेले असते. गाडीतून उतरलेल्या सुनेच्या हातातील गाठोडे पाहून ती माल बाजूला सारते, ‘बघू गं’ म्हणते, बाळाच्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडते. आजीबाई, ज्या एरवी परक्या हाताचा स्पर्श झालेले दुपटे लगेच धुण्यात टाकतात, त्याही या वेळी काही बोलत नाहीत. दृष्ट काढणाऱ्याची जात कोणी विचारत नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

त्या सुनेच्या मनात मात्र त्या क्षणी वेगळाच हिशेब चाललेला असतो. बाळ भुकेने रडू लागले तर बसायचे कोठे? गाडीत ऊन, झाडाखाली लोक, उपाहारगृहात टेबलांची गर्दी. पहिल्या वर्षातील मातेचे अर्धे जीवन या एका प्रश्नाभोवती फिरते आणि घरातील पुरुषांना तो प्रश्न आहे याचा पत्ता अनेकदा वर्ष उलटून गेले तरी लागत नाही. अशा वेळी कोणी अनोळखी बाई आपला पदर सोडून आडोसा धरते, दुसरी पाठमोरी उभी राहून जणू सहज झाडांकडे पाहत राहते. त्यांच्यात काही बोलणे झालेले नसते. हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, पनवेलहून निघालेल्या मातेसाठी हेच रोज घडते. चौथ्या जागेवर अर्धवट टेकलेली बाई उठते, खिडकीची बाई सरकते, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि वाशी येईपर्यंत बाळ तीन मांड्यांवरून फिरून आईपाशी परत आलेले असते.

कर्नाळ्याच्या जंगलात सातभाई नावाचा एक मळकट, गोंगाटी पक्षी आहे. दुर्बिणीवाले त्याच्याकडे फारसे वळून पाहत नाहीत, कारण तो सगळीकडेच दिसतो. हे पक्षी टोळीने राहतात. टोळीत सहा, आठ, कधी दहाजण. घरटे एका जोडप्याचे असते, परंतु पिलांना भरवण्याचे काम सारी टोळी करते. ज्यांची ती पिले नाहीत तेही चोचीतून खाऊ आणतात, घरट्यावर पहारा ठेवतात, ससाणा दिसला की कल्ला करतात. याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. वळवाच्या आधीपासून ‘पेर्ते व्हा’ असे ओरडत शेतकऱ्याला जागा करणारा पावशा आपली अंडी याच सातभाईंच्या घरट्यांत घालतो. ज्याच्या वाट पाहण्यावर कवींनी पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्च केली तो चातकही तेच करतो. परक्याचे पोर घरट्यात वाढत असते आणि सातभाईंची टोळी त्यालाही भरवत राहते. शास्त्रज्ञ यास फसवणूक म्हणतात आणि त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. अंड्यातून आलेल्या त्या पिलाच्या बाजूने पाहिले तर मात्र त्याला वाढवणारे सगळेच परके आहेत.

याच जंगलात पावसाळ्यात तिबोटी खंड्या येतो, रायगडने आपला जिल्हा पक्षी म्हणून मानलेला. तळहातात मावेल एवढा, पिवळा, जांभळा, केशरी. ओढ्याच्या मातीच्या दरडीत तो बीळ खणतो, नर-मादी दोघे मिळून अंडी उबवतात आणि दोघे मिळून पिलांना भरवतात. जूनपासून छायाचित्रकारांचे लक्ष या पक्ष्याकडे लागलेले असते, आणि जाणते पक्षिनिरीक्षक नवख्यांना एकच गोष्ट बजावतात: घरट्याच्या जवळ जाऊ नका. माणसे फार जवळ आली तर पालक पक्षी चोचीत घास घेऊन फांदीवर ताटकळत बसतो आणि बिळातली पिले उपाशी राहतात. प्रेमाने पाहायला आलेला माणूसही अंतर राखून उभा राहिला नाही तर त्याचे प्रेम भारी पडते. माणसांच्या पिलांनाही हे लागू आहे. न विचारता गालाचा मुका घेणारे, सर्दी झालेली असताना ‘दे ना जरा’ म्हणून हात पुढे करणारे, ‘आमच्या वेळी तर सहाव्या दिवशी मध चाटवला होता’ असे सांगणारे लोक दुष्ट नसतात. एक वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये असे डॉक्टर आता स्पष्ट सांगतात. (जैन घरांत मध तसाही वर्ज्य, त्यामुळे येथे सुनेला वाद घालावा लागत नाही. लसणाचेही तसेच. इतर घरांत दूध येण्यासाठी लसूण देतात. येथे सुंठ, डिंक, अळीव आणि बाळंतशोपा तेच काम करतात असा आज्यांचा विश्वास आहे आणि तो मोडण्याचे कारण नाही.)

मातेच्या एकटेपणाची कथा म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेली गोष्ट याच रायगड जिल्ह्यातील आहे. कोजागरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली वाडीत तान्हे मूल, आणि कडा उतरून त्याच्यापाशी पोहोचलेली हिरकणी. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असे सांगतात. शाळेत ही कथा शौर्याची म्हणून शिकवली जाते. ती आहेच. परंतु मुले मोठी झाल्यावर ही कथा पुन्हा ऐकताना मन दुसरीकडे जाते. त्या रात्री वाडीत बाळापाशी कोण होते, हे कथा सांगणारे बहुधा सांगत नाहीत. कोणी शेजारीण असेल, तिने पान्हा नसलेल्या हातांनी ते रडणारे मूल थोपटले असेल, तर तिचे नाव कोणत्याही बुरुजाला नाही. आणि दरवाजावरच्या पहारेकऱ्यांचे काय? नियमाप्रमाणे ते बरोबर होते. गडाचा दरवाजा एका गवळणीसाठी उघडला असता तर उद्या शत्रूसाठी उघडला गेला असता. तरीही बुरूज बांधल्याने आईची उतरण्याची वाट बंद झाली. पुढच्या वेळी अशी बाई अडकली तर काय करायचे, याबद्दल काही नियम झाला की नाही, हे कथा सांगत नाही.

तो नियम शेवटी आपल्या काळात झाला, आणि त्याला नावही तिचेच दिले गेले. एसटीच्या स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत बाळाला पाजण्यासाठी केलेल्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात अशी खोली कधी कुलूपबंद असते, कधी तिच्यात जुनी कपाटे ठेवलेली असतात. 2022 च्या डिसेंबरात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपले अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा तेथे त्यांच्यासाठी हिरकणी कक्ष करण्यात आला आणि सर्व पक्षांनी कौतुक केले. दोन-अडीच महिन्यांनी, 2023 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, मुंबईच्या विधान भवनातील कक्षात धूळ आहे, सोयी नाहीत, अशी तक्रार त्यांना जाहीरपणे करावी लागली. आमदाराला जे मागून घ्यावे लागते ते पेणला जाणाऱ्या बसमधील बाईला कितपत मिळत असेल, याचा अंदाज करता येतो. तिला मिळतो तो बहुतेक वेळा कंडक्टरने रिकामा करून दिलेला बाक, आणि शेजारच्या बाईचा पदर.

परक्यांच्या दयेला संस्थेचे रूप दिल्यास काय घडू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण कर्नाळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, मुंबईतील शीव येथे आहे. लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात, ज्याला सगळी मुंबई ‘सायन हॉस्पिटल’ म्हणते, 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली. तेथील नवजात शिशु विभागाच्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभी केली. रुग्णालय धारावीला लागून. येणाऱ्या माता गरीब, अनेकींची बाळे दिवस भरण्याआधी जन्मलेली, वजनाने किलो-दीड किलो. अशा मुलाच्या कोवळ्या आतड्यांना वरचे दूध झेपत नाही आणि त्यातून संसर्ग झाला तर ते हाताला लागत नाही. ज्या मातेला अजून दूध आलेले नाही, जी स्वतः आजारी आहे, किंवा जी प्रसूतीत गेली, तिच्या बाळाला पाजायचे काय? त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, दुसरी एखादी माता अशी असते की तिच्या बाळाची गरज भागून तिला दूध उरते. या दोघींची गाठ घालून देणे, एवढाच मूळ विचार. जगातील पहिली अशी पेढी 1909 साली व्हिएन्नात निघाली होती. भारतात यायला त्याला ऐंशी वर्षे लागली.

‘पेढी’ हा शब्द व्यापाऱ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून या पेढीचे काम कसे चालते ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. ठेवीदार माता प्रथम आपल्या बाळाला पाजते. उरते तेवढेच ठेवीत जाते. घेण्याआधी तिची रक्ततपासणी होते. एचआयव्ही, काविळीचा ब प्रकार आणि गुप्तरोग यांपैकी काही असल्यास ठेव स्वीकारली जात नाही. निरनिराळ्या मातांचे दूध एकत्र केले जाते, 62.5 अंश सेल्सियसवर तीस मिनिटे तापवले जाते, झटपट थंड केले जाते, जंतूंची तपासणी होते आणि मग शून्याखाली वीस अंशांवर गोठवून ठेवले जाते. तेथून ते चमच्याचमच्याने, कधी नळीतून थेंबाथेंबाने, ज्याला हवे त्या बाळाला जाते. ठेवीदाराला पासबुक नाही, व्याज नाही, मुदत नाही. एकत्र झालेल्या दुधात कोणाचे कोणते हे सांगता येत नाही. कर्जदाराला ठेवीदाराचे नाव कळत नाही आणि कर्ज फेडण्याची अपेक्षाही नाही. बँकिंगच्या कोणत्याही नियमाने ही पेढी आठ दिवसांत बुडायला हवी होती. ती पस्तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तिच्यामागून देशात अशा अनेक पेढ्या निघाल्या. 2017 साली केंद्र सरकारने त्यांच्यासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही आखली.

या पेढीच्या ठेवीदारांत धनिक घरच्या स्त्रिया क्वचित. बहुतेक ठेवी त्या बायकांच्या, ज्यांच्या स्वतःच्या ताटात पुरेसे अन्न असेलच अशी खात्री देता येत नाही. हे लिहिताना कौतुकाचा सूर लावणे सोपे आहे. पण त्याहून अवघड प्रश्न असा, की मातृदुधाला भाव आला असता तर या बायकांनी ते स्वतःच्या बाळाला पाजले असते की विकले असते? गरिबीत माणसाला काय काय विकावे लागते हे बाजारपेठेत बसणाऱ्यास शिकवायला नको. म्हणूनच 2024 च्या मे महिन्यात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मातृदुधाच्या व्यापारी विक्रीला मनाई असल्याचे देशभर कळवले, हे योग्यच झाले. बाटलीत भरून, लेबल लावून, संकेतस्थळावरून ते विकण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. डब्यातील दुधाच्या भुकटीच्या जाहिरातीलाही 1992 च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्या डब्यावर भेटवस्तू किंवा सवलत देणाऱ्या दुकानदाराने तो कायदा एकदा वाचून घ्यावा. नफा ही व्यापाऱ्याची विद्या आहे. कोणत्या मालावर तो घ्यायचा नाही, ही त्याच विद्येची दुसरी इयत्ता.

दुकानाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. पनवेलच्या बाजारात, खारघर-कामोठ्याच्या दालनांत, कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत आता मुली मोठ्या संख्येने काम करतात. त्यांची लग्ने होतात, त्यांना मुले होतात. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानाला मातृत्व लाभाचा कायदा लागू आहे. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. कामावर परतल्यानंतर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा मोकळीक द्यावी लागते. नऊ माणसांच्या दुकानाला यातले काही बंधनकारक नाही. आणि आपल्या समाजातील बहुसंख्य दुकाने नऊ किंवा त्याहून कमी माणसांची आहेत, कधीकधी दहावा माणूस मुद्दाम न ठेवल्यामुळे. तेथे सर्व काही शेठच्या मनावर. ‘मूल मोठे झाले की ये, जागा असली तर बघू’ या वाक्यात कठोर असे काही नाही. अनेक दुकानांत ते अगदी मायेच्या स्वरात उच्चारले जाते. ते ऐकून घरी गेलेली मुलगी मात्र पुढच्या महिन्याचे भाडे कसे भरायचे याचा विचार करत असते, आणि त्याच शेठच्या घरी त्याच महिन्यात नातवाचे बारसे असू शकते.

घरातही हेच. बाळाला मालिश करून न्हाऊ घालणारी मावशी सकाळी सातला येते. तिच्या हातांत पिढ्यांचे कसब असते. रडणारे मूल तिच्या पसरलेल्या पायांवर आले की गप्प होते. बाळाचा पहिला ‘अं-गू’ अनेकदा आईच्या आधी तिने ऐकलेला असतो. तिला सातला यायचे तर तिने स्वतःचे किंवा मुलीचे मूल कोणाकडे तरी सोपवलेले असते. कोणा शेजारणीकडे. त्या शेजारणीचे नाव या घरी कोणाला ठाऊक नाही, परंतु या घरचे बाळ वेळेवर न्हाते ते तिच्याच भरवशावर. दयेची ही साखळी नेहमी खालून वर येते, वरून खाली क्वचित जाते. रायगडमधील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांची तान्ही मुलेही बरोबर जातात, भट्टीच्या धुरात, झोळीत. नव्या पनवेलच्या ज्या इमारतीतील बाळाच्या खोलीला फिकट रंग देऊन ढगांची चित्रे काढलेली असतात, तिच्या भिंतीतील विटा कोठेतरी अशा झोळीशेजारी भाजलेल्या असू शकतात. कर्नाळ्याजवळच्या तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरने डॉ. जी. जी. पारीख यांच्या पुढाकाराने आदिवासींसाठी दवाखान्याचे काम उभे केले आणि ते दशकानुदशके चालवले. पारीख मुंबईत दवाखाना चालवणारे डॉक्टर. 2025 च्या 2 ऑक्टोबरला वयाच्या शंभरीत ते गेले. तेथल्या बायाबापड्यांच्या दृष्टीने ते परकेच होते.

पर्युषणात श्वेतांबर मूर्तिपूजक संघांत भगवान महावीरांच्या जन्माचे वाचन होते. चौदा स्वप्ने उतरवली जातात, बोली लागते, आणि ज्या कुटुंबाची बोली सर्वांत मोठी त्याच्या घरी त्या रात्री पाळणा जातो. कल्पसूत्रातील गर्भाची कथाही या दिवसांत सांगितली जाते. मातेला आपल्या हालचालीने पीडा होऊ नये म्हणून गर्भातील महावीर निश्चल झाले. त्रिशलामातेला वाटले, गर्भाला काही झाले. तिचा शोक जाणून त्यांनी पुन्हा हालचाल केली. दुसऱ्याला त्रास नको म्हणून स्थिर राहणे, आणि दुसऱ्याला काळजी नको म्हणून हलणे. तान्ह्या मुलाच्या घरी जाणाऱ्या पाहुण्यांना दोन्ही जमले तर आणखी काय हवे.

पाळणा घरी येतो त्या रात्री दार उघडेच असते. भक्तिगीते चालू असतात, प्रभावना वाटली जाते, पायताणांचा ढीग जिन्यापर्यंत जातो. संघातील माणसे येतात, शेजारची येतात, ज्यांना यजमान ओळखतही नाहीत अशीही येतात. प्रत्येक जण दोरी धरतो, दोन झोके देतो आणि पुढच्याच्या हाती देतो. ज्या घरी अलीकडे मूल झालेले असते तेथे आई आपल्या बाळाचा हात दोरीला लावते. काही घरांत त्या रात्री उशिरा, पाहुणे पांगल्यावर, भांडी घासायला थांबलेल्या बाईलाही यजमानीण बोलावते. ती ओले हात पदराला पुसते, बरोबर आणलेल्या पोराला कडेवरून उतरवते आणि त्याला दोरीपाशी नेते.